कर्व्ह करून पाठवा

[दृश्य : दसऱ्याची सकाळ. मेन रोडच्या मागचा बोळ. अर्धं शटर वर केलेलं डीटीपीचं दुकान.]

निवेदन :
२ ऑक्टोबर २०२५, दसरा. नाशिकच्या मेन रोडच्या मागच्या बोळातलं हे दुकान. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं, फ्लेक्सचं डिझाइन. आज काम बंद आहे, पण पूजेतून एकही मशीन सुटलेलं नाही. कटिंग मशीनला हार, लॅमिनेटरला हार, टेबलाखाली वर्षभर धूळ खाणाऱ्या सीपीयूलाही झेंडूचा हार. मॉनिटरच्या चौकटीवर हळदीकुंकवाची बोटं. की-बोर्डवर आपट्याचं पान ठेवलंय, ते नेमकं विंडोजच्या बटणावर.

मालकांना सगळा बोळ मामा म्हणतो. खरा भाचा एकच. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आज मुद्दाम आलाय. कारण बारा दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्ट विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवणार आहे. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. मामांचं मशीन चौथ्या पिढीचं. त्यावरचं विंडोज कुठून आलं हे आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. कुणीतरी "मारून दिलं" एवढंच कळलं.

भाचा म्हणतो, "मामा, नवीन मशीन कशाला घेता? मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून देतो. फुकट आहे, आणि याच मशीनवर पळेल."

मामा हाराचं फूल सरळ करत म्हणतात, "तुझ्या लॅपटॉपवर काय करायचं ते कर. माझ्या मशीनला हात लावायचा नाही."

भांडण आजचं नाही. भाचा विंडोजला व्हायरसचं माहेरघर म्हणतो, मामा लिनक्सला काळ्या पडद्याचं खूळ म्हणतात. फाइल सेव्ह व्हावी, प्रिंट निघावी, एवढ्यासाठी असलेल्या सॉफ्टवेअरवरून माणसं हमरीतुमरीवर का येतात? मामांच्या बाबतीत उत्तर हवं असेल, तर त्यांच्या बोटांकडे बघावं लागतं.

[दृश्य : की-बोर्डवर चालणारी बोटं, अगदी जवळून.]

मामा मराठी टाइप करतात ते रेमिंग्टन पद्धतीने, टाइपरायटरच्या मांडणीवर. परीक्षा त्यांनी टाइपरायटरवरच दिल्या. पुढे कॉम्प्युटर आला, बोटांची सवय तशीच राहिली आणि खाली श्रीलिपी आली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं मराठी टाइपिंगचं हे सॉफ्टवेअर महाराष्ट्रातल्या छापखान्यांच्या अंगवळणी पडलेलं. नजर पडद्यावर, मान जरा तिरकी, आणि 'श्री गणेश प्रसन्न'पासून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'पर्यंतचा मजकूर चहा निवायच्या आत लागतो.

या फाँटची एक खोड आहे. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये मजकूर आतून मराठी नसतोच. कॉम्प्युटरच्या हिशेबी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. तीच फाइल फाँट नसलेल्या मशीनवर उघडा. 'नाशिक'च्या जागी दिसेल झेड, एम, महिरपी कंस, ई, एच आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. बोळातल्या ऑपरेटरांना हे डॉलर पाठ आहेत. एचच्या पुढे डॉलर आला की तो 'क', हे मामा फाँट न लावताही वाचतात. आम्ही एक अख्खा पत्ता त्यांच्यापुढे असा ठेवला. त्यांनी पिनकोडसकट वाचून दाखवला.

यावर डीटीपीवाल्यांचा तोडगा म्हणजे 'कर्व्ह'. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडायचा आणि कंट्रोल-क्यू दाबायचं. अक्षरं अक्षरं राहत नाहीत, नुसत्या रेषा होतात. मग समोरच्याकडे फाँट असो नसो, फ्लेक्सवर जसंच्या तसं उमटतं. दिवसभर फोनवर हेच चालू असतं, "दादा, फाइल कर्व्ह करून पाठवा." अर्थात नवऱ्या मुलाच्या नावातली वेलांटी चुकली, तर कर्व्ह केलेल्या फायलीत टाइप करून दुरुस्त करता येत नाही. मूळ फाइल जपावीच लागते. ती उघडायला तेच कोरल, तोच फाँट आणि आजवर तरी तेच विंडोज.

युनिकोड म्हणजे सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोज २००० मध्ये मंगल फाँटसकट देवनागरीची सोय आली. विंडोज एक्सपीवर ती सोय चालू करायला बहुतेक वेळा सीडी शोधावी लागायची आणि ती सीडी हमखास सापडायची नाही. आता श्रीलिपीतूनही युनिकोड करता येतं. पण मामांच्या हार्डडिस्कवर बोळातल्या निम्म्या घरांच्या पत्रिका आहेत, त्या जुन्या फाँटमधल्या. थोरल्याच्या लग्नात बनवलेली पत्रिका धाकट्याच्या लग्नात नावं बदलून निघते, धंदा असाच चालतो.

भाच्याचं उत्तर तयार असतं, कोरलच्या जागी फुकटचं इंकस्केप वापरा. इंकस्केप चांगलंच आहे, पण कोरलच्या सगळ्या फायली त्यात जशाच्या तशा उघडत नाहीत. गंमत म्हणजे खुद्द कोरल कंपनीने २००० साली लिनक्ससाठी कोरलड्रॉ काढलं होतं आणि पुढे तो नाद सोडला. हे भाच्याला माहीत नव्हतं. आम्ही सांगितलं तेव्हा मामांना झालेला आनंद कॅमेऱ्यात आहे.

[दृश्य : दुकानाच्या दारात गुंडाळून ठेवलेले फ्लेक्स. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.]

निवेदन :
निवडणुकीच्या दिवसांत या एकाच मशीनवर चार पक्षांचे फ्लेक्स तयार होतात. पार्श्वभूमीचा रंग बदलायचा, फोटो बदलायचे, 'भावी नगरसेवक' मात्र तेच ठेवायचं. वर नेत्यांची युती झाली तरी खाली कार्यकर्त्यांची धुसफूस थांबत नाही, हे मामांनी जवळून पाहिलंय. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दुनियेतही हेच झालं.

ॲपलने मॅकिंटॉश आणला १९८४ मध्ये. पडद्यावरच्या खिडक्या आणि चित्रांची आपली मांडणी उचलली, म्हणून १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा ठोकला आणि ॲपल तो हरली. मग १९९७ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनला मॅकवाल्यांचा मेळावा भरला. ॲपल तेव्हा डबघाईला आलेली. स्टीव्ह जॉब्ज यांनी मंचावरून जाहीर केलं की मायक्रोसॉफ्ट १५ कोटी डॉलर गुंतवतंय, आणि मागच्या भल्या मोठ्या पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा उगवला. सभागृहात हुर्यो उडाली. आपल्या लाडक्या कंपनीला अडचणीत पैसे देणाऱ्याची हुर्यो!

लिनक्सची कथाही अशीच. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये हौसेखातर काम सुरू केलं. पुढच्याच वर्षी ॲन्ड्र्यू टॅनेनबाम या प्राध्यापकांनी ते कालबाह्य ठरवलं आणि दोघांची चारचौघांत जुंपली. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर लिनक्सला कर्करोग म्हणाले. २०१४ मध्ये त्याच खुर्चीत बसलेल्या सत्या नाडेला यांनी मायक्रोसॉफ्टचं लिनक्सवर प्रेम असल्याचं सांगितलं, आणि २०१६ पासून विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवायची सोय आली. वरच्या मंडळींचं असं गुळपीठ जमलं. भाच्याच्या हॉस्टेलवर मात्र "विंडोजवाला कसला इंजिनिअर" हे अजून चालू आहे.

[दृश्य : हॉस्टेलची खोली. दोरीवर टॉवेल, टेबलावर स्टिकरांनी झाकलेला लॅपटॉप.]

निवेदन :
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर शाखेत प्रात्यक्षिकांसाठी ओपन सोर्स लिनक्सची शिफारस असते. भाच्याची भक्ती मात्र अभ्यासक्रमातून आलेली नाही. पहिल्या वर्षी सेकंडहँड लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वायफाय गेलं. मित्राच्या मोबाइलवर वाचत, एकेक कमांड हाताने टाइप करत ड्रायव्हर बसवला. पहाटे कोपऱ्यात वायफायची खूण उमटली तेव्हा शेजारच्या पोराला उठवून दाखवली, त्याने शिवी घातली. आता त्या सिस्टिमला कुणी नावं ठेवली की भाच्याला झोंबणारच. लिनक्सवाल्यांतही तट आहेत, उबुंटूवाले, मिंटवाले, आर्चवाले. आर्चवाला ओळखावा लागत नाही, तो स्वतःच सांगतो.

मामींची वही बघा. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स गावोगाव पोचला, सरकारी नोकरीसाठी लागू लागला, आणि एका अख्ख्या पिढीला कॉम्प्युटर येणं म्हणजे विंडोज आणि ऑफिस येणं असं झालं. मामींनी निळ्या शाईत लिहून घेतलंय : स्टार्ट, मग प्रोग्राम्स, मग ॲक्सेसरीज, मग पेंट. पुढे कंसात, 'डावं बटण एकदाच.' त्या वयात, घरचं आवरून, क्लासला जाऊन शिकलेल्या त्या पायऱ्या आहेत.

ही भांडणं ऐकताना आम्हाला वाटत राहिलं की प्रत्येकजण आपल्या खपलेल्या तासांची बाजू घेतोय. "तुझी सिस्टिम फालतू" असं म्हटलं की समोरच्याला "तुझी इतकी वर्षं फालतू" असं ऐकू जातं. फुकट, वेगवान, सुरक्षित, हे सगळे मुद्दे त्याच्यापुढे फिके पडतात.

[दृश्य : गंगापूर रोड. एडिटिंगची खोली, दोन पडदे.]

निवेदन :
या ताई लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतात. हे काम वर्षानुवर्षं एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर होत आलंय, आणि एडियस विंडोजवरच चालतं. द्राक्षबागांत प्री-वेडिंग करणाऱ्या नव्या पोरांना फायनल कट हवं असतं, ते विंडोजवर नाही, मॅकवर. ताईंनी दोन्ही ठेवलंय. विंडोजवर कंट्रोल दाबते डावी करंगळी, मॅकवर कमांड दाबतो अंगठा. एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलं की पहिली काही मिनिटं करंगळी चुकीच्या जागी पडते. मॅकवाल्यांना पैशाचा माज आहे का, विचारलं. ताई म्हणाल्या, "हप्ते चालू आहेत. माज कसला?"

[दृश्य : अंबड औद्योगिक वसाहत. तेलकट वर्कशॉप, जुना मॉनिटर.]

निवेदन :
इथे अजून एक्सपी आहे. त्याचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला. मशीन नेटला जोडलेलं नाही. कोणती सिस्टिम चांगली, यावर ऑपरेटर दादांचं काहीच म्हणणं नाही. "ते बंद करायचं नाही, एवढंच सांगितलंय."

[दृश्य : दिवाळीनंतरचा आठवडा. पुन्हा तोच बोळ, दुकान चालू.]

निवेदन :
१४ ऑक्टोबर आला आणि गेला. काही बंद पडलं नाही. आधार संपला म्हणजे मशीन संपलं असं नसतं. नव्या सापडणाऱ्या भगदाडांना ठिगळ मिळत नाही, एवढंच, पण हे एवढंच पुढे महागात पडू शकतं. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत जाहीर झाली होती, तिच्यासाठी नोंदणी करावी लागणार होती. मामांनी त्या फंदात न पडता मोठ्या मशीनची नेटची वायरच काढून टाकली. कोरल आणि श्रीलिपी आत, जग बाहेर.

भाच्याने शेवटचा प्रयत्न केला. "मामा, तुमच्या खिशातलं अँड्रॉइड आहे ना, त्याचा गाभा लिनक्सच आहे. रोज वापरताच की तुम्ही."

मामा म्हणाले, "मग आहे ना माझ्याकडे. आणखी कशाला टाकतोस?"

पण ग्राहकांच्या फायली येणार कशा? त्यासाठी मामींचा जुना लॅपटॉप काउंटरवर आला. तो विंडोजवर इतका रखडायचा की मामींनीच भाच्याला सांगितलं, "टाक बाबा तुला काय टाकायचं ते." आता त्यावर मिंट आहे. व्हॉट्सॲपवरचे फोटो, मेलवरचा मजकूर आधी तिथे उतरतो, मग मोठ्या मशीनवर जातो.

पेनड्राइव्हसुद्धा आधी तिथेच लागतो. शॉर्टकट व्हायरस आलेला पेनड्राइव्ह विंडोजवर लावला की खरे फोल्डर दिसेनासे होतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट उरतात. त्यावर क्लिक केलं की व्हायरस मशीनमध्ये. मिंटवर तो विंडोजचा प्रोग्राम चालत नाही आणि लपवलेले फोल्डर सरळ समोर दिसतात. आमच्यासमोरच एका बाईंनी मुलीच्या साखरपुड्याचे फोटो आणले. पेनड्राइव्हमध्ये सगळे शॉर्टकट. मामांनी ते एकेक करून उडवले, खरं फोल्डर उचललं, बाईंना दाखवून विचारलं, "हेच ना?" माउस इतका सराईत फिरत होता की हे त्यांचं रोजचंच झालंय, हे दिसत होतं.

भाचा दारात उभा राहून बघत होता. "म्हणजे मामा, लिनक्स आलंच ना दुकानात?"

मामांनी वर न बघता पेनड्राइव्ह काढून बाईंच्या हातात दिला. "दुकानात विंडोजच आहे. हा लॅपटॉप मामीचा."