एफेससचं बंदर

(दृश्य : धक्क्याला लागणारं जहाज)

जहाज लागतं कुशादासीला. एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष पाहायला तुर्कस्तानात येणारे क्रूझप्रवासी इथे उतरतात आणि पुढचे वीसेक किलोमीटर बसने जातात. रोमन काळात जहाजं थेट शहराच्या रस्त्यापर्यंत यायची.

(दृश्य : वरचा दरवाजा, उतरता रस्ता)

बस वरच्या दरवाज्याशी सोडते आणि खालच्या दरवाज्याशी थांबते, त्यामुळे चाल बहुतेक उताराची. दोन तास तरी हाताशी हवेत. सावली फार थोडी, म्हणून पाणी दरवाज्याबाहेरच भरून घ्यावं. पायाखालचा संगमरवर झिजून गुळगुळीत झालाय. पावसात तो हमखास घसरवतो. खाचांच्या रबरी तळव्याचे बूटच घाला.

(दृश्य : ग्रंथालयाची दर्शनी भिंत)

रोमन सिनेटर केल्सस याचं ग्रंथालय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात केल्ससच्या मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ ते उभारायला घेतलं. वडिलांची कबर याच इमारतीखाली आहे. कोसळलेल्या भिंतीचे दगड जुळवून ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० ते १९७८ या काळात ती पुन्हा उभी केली. फोटोंसाठी इथे गर्दी होणारच. तरी अर्धा तास पुढच्या जागेसाठी राखून ठेवा.

(दृश्य : नाट्यगृहाच्या वरच्या रांगा, मग ड्रोनमधून रस्ता आणि दलदल)

सुमारे २५,००० प्रेक्षकांचं हे नाट्यगृह. समोर सरळ जाणारा रस्ता अर्काडियान : लांबी अर्धा किलोमीटर, रुंदी अकरा मीटर. तो जिथे संपतो, तिथली बोरूने भरलेली दलदल म्हणजे एफेससचं बंदर.

कायस्टर नदी डोंगरातला गाळ आणून इथे टाकत होती. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तेव्हा एफेससवर सत्ता असलेल्या पर्गामॉन राज्याचा राजा दुसरा अत्तालस याने बंदराचं रुंद मुख बांध घालून अरुंद करायला लावलं. मुख आवळलं की पाणी खोल होईल आणि मोठी मालवाहू जहाजं आत येतील, असा त्याचा आणि त्याच्या स्थापत्यकारांचा हिशेब होता. झालं उलटंच. आधी भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर गाळ बाहेर समुद्रात जायचा; आता तो बांधाच्या आतच बसू लागला आणि सगळं बंदर उथळ झालं. भूगोलकार स्ट्रेबोने ही चूक स्पष्ट नोंदवली आहे. पुढे नीरोच्या काळात रोमन अधिकारी बारिया सोरानस याने बंदर मोकळं केलं. हेड्रियन बादशहाने तर नदीच वळवायला लावली. पण वरून येणारा गाळ थांबत नव्हता, त्यामुळे प्रत्येक उपसा तात्पुरता ठरला. आज समुद्र इथून पाच-सहा किलोमीटर लांब आहे.

व्यापार आटला, वस्ती जवळच्या अयासुलुक टेकडीकडे सरकली.

(दृश्य : बोरूचं बेट, मागे शेतं)

२०१५ पासून एफेसस जागतिक वारसा यादीत आहे. गटाची फेरी नाट्यगृहापाशी आटोपती घेतात, तेव्हा वाटाड्याला बंदर कुठे ते आवर्जून विचारा. मात्र घड्याळ सांभाळा : जहाजावर परतायची वेळ सुटण्याच्या वेळेआधीची असते आणि परतीला बसचा अर्धा तास धरावाच लागतो.