घरातला रुग्ण, घरातला पैसा

(दृश्य : टाळेबंदीतील पुण्याचे रिकामे रस्ते. नंतर एका घराचे अर्धे उघडे दार.)

९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोरोनाच्या महाराष्ट्रातील पहिल्या रुग्णांची नोंद झाली आणि २५ मार्चपासून सारा देश टाळेबंदीत गेला. पुढच्या दीड-दोन वर्षांत या राज्यातील असंख्य कुटुंबांना घरातल्या माणसाचा श्वास आणि घरातला पैसा असे दोन हिशेब एकाच वेळी सांभाळावे लागले. सरकारी पत्रकांमध्ये हे दोन विषय दोन वेगळ्या खात्यांकडे असत. घरात मात्र दोन्ही निर्णय एकाच माणसाला, बहुधा एकाच रात्री घ्यावे लागत. आजाराचा क्रम ज्या घराला ठाऊक होता, त्या घराला पैसा कुठे लावायचा आणि कुठे रोखून धरायचा हेही अधिक चांगले उमजत होते. पुन्हा अशी साथ आली तर जंतू वेगळा असेल आणि आजाराचा क्रमही वेगळा असेल, परंतु तो क्रम समजून घेण्याची रीत बदलणार नाही, म्हणून त्या काळाकडे आज पुन्हा बारकाईने पाहायला हवे.

(दृश्य : शाळेची वही. तारीख, वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी, औषध असे रकाने.)

कोरोनाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ताप, अंगदुखी, घसा, खोकला असे आणि बहुतेकांचा आजार तिथेच ओसरे. ज्यांचा बळावे त्यांना साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान श्वासाचा त्रास सुरू होई. हे दिवस चाचणीच्या तारखेपासून मोजायचे नसून पहिले लक्षण दिसले त्या दिवसापासून मोजायचे, ही साधी गोष्ट अनेक घरांत राहून गेली. चाचणीचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागत, त्यामुळे ‘आज तर दुसराच दिवस’ असे समजून घर निर्धास्त राही आणि रुग्ण प्रत्यक्षात सहाव्या दिवसावर पोहोचलेला असे. वहीच्या पहिल्या ओळीवर पहिल्या लक्षणाची तारीख लिहिलेली असेल, तर डॉक्टरांना फोनवर सुद्धा पुढचा सल्ला नेमका देता येतो.

ऑक्सिमीटरचे, म्हणजे बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणाऱ्या यंत्राचे, मापही नीट घ्यायला शिकावे लागते. रुग्णाने पाच मिनिटे शांत बसावे, हात गार असेल तर चोळून ऊबदार करावा, नखांचा रंग काढावा, मधल्या बोटाला यंत्र लावून हात छातीच्या पातळीवर स्थिर धरावा आणि आकडा मिनिटभर हलायचा थांबल्यावरच तो वहीत उतरवावा. आकडा वारंवार ९४ किंवा त्याखाली येऊ लागला, की घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांना कळवायचे. बसल्या जागी आकडा चांगला असूनही खोलीत सहा मिनिटे चालल्यावर तो तीन किंवा अधिक अंकांनी उतरत असेल, तर फुप्फुसावर ताण येऊ लागल्याची ती खूण मानली जात असे. साठीच्या पुढच्या माणसांना तीन मिनिटांचे चालणे पुरे होते आणि ज्यांना बसूनच धाप लागते आहे त्यांनी ही चाचणी करायचीच नव्हती. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते. म्हणून आकडा ठीक असतानाही ओठ निळसर दिसू लागले, बोलताना वाक्य तुटू लागले किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर आकड्यापेक्षा माणसाकडे पाहून निर्णय घ्यावा.

रुग्णालयात खाट मिळेपर्यंतच्या काळात पालथे झोपण्याचा उपयोग अनेकांना झाला. छातीखाली, मांड्यांखाली आणि पायांखाली उशी घेऊन अर्धा तास ते दोन तास पालथे, मग एका कुशीवर, मग टेकून बसलेले, अशी स्थिती बदलत राहायची. जेवणानंतर तासभर, गरोदरपणात आणि गंभीर हृदयविकारात हे टाळायचे.

(दृश्य : चाळीतील एक खोली. खिडकी, मोरी, भिंतीला लावलेली गादी.)

रुग्णासाठी स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र स्वच्छतागृह ठेवावे, हा सल्ला ज्यांनी लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर दहा बाय बाराची खोली आणि मजल्यावरचे सामायिक संडास नसावेत. अशा घरांसाठी शाळांमध्ये, सभागृहांमध्ये उभारलेली कोविड केअर सेंटर हाच सुरक्षित मार्ग होता आणि धारावीसारख्या दाट वस्तीत घराबाहेरच्या विलगीकरणामुळेच साथ आटोक्यात आणता आली, असे आमचे मत आहे. दुसऱ्या लाटेत खेड्यापाड्यांत घरच्या घरी राहिलेल्या रुग्णांमुळे कुटुंबेच्या कुटुंबे आजारी पडू लागली, तेव्हा मे २०२१ मध्ये राज्य सरकारने १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण थांबवण्याचा निर्णय घेतला. केंद्रात जाण्याची भीती आणि लोक काय म्हणतील याची लाज यांपायी माणसे घरात लपून राहिली. ज्या घराला रुग्णाला केंद्रात पाठवणे शक्यच नव्हते, त्याने निदान समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे, रुग्ण आणि काळजी घेणारा या दोघांनीही मास्क लावणे आणि घरात मधुमेह किंवा रक्तदाब असलेले वडीलधारे असतील तर त्यांना काही दिवस नातेवाइकांकडे हलवणे, एवढे करायला हवे होते. भाजी साबणाच्या पाण्यात धुण्यात गेलेला वेळ आणि पैसा खिडकी उघडण्यावर गेला असता, तर अधिक उपयोग झाला असता, कारण हा आजार मुख्यतः हवेतून पसरत होता.

घरातील मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांची नेहमीची औषधे महिनाभराची शिल्लक असणे, हा साथीच्या काळातील कदाचित सर्वांत स्वस्त उपाय आहे. अनेकांनी याउलट पहिल्याच आठवड्यात हाताशी असलेला पैसा नको तिथे खर्च केला. लक्षणे सौम्य असताना दुसऱ्याच दिवशी सीटी स्कॅन करून घेणारी माणसे इतकी होती, की मे २०२१ मध्ये ‘एम्स’चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना सौम्य आजारात या तपासणीचा उपयोग नाही, असे जाहीरपणे सांगावे लागले. रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनसाठी एप्रिल २०२१ मध्ये औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या आणि काळ्या बाजारात ते मिळवण्यासाठी लोकांनी दागिने मोडले, परंतु त्याच्या वापराची शिफारस करू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच म्हटले होते आणि घरी ते देण्याची परवानगी तर कधीच नव्हती. स्टिरॉइडची गोष्ट याहून गंभीर आहे. ज्यांना ऑक्सिजनची गरज आहे अशा रुग्णांचे प्राण त्याने वाचतात, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतून जून २०२० मध्ये सिद्ध झाले. त्याच चाचणीत ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही. शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून तीच गोळी दुकानातून आणून सुरू करणाऱ्यांची साखर वाढली आणि त्यांतल्या काहींना पुढे म्युकरमायकोसिससारखा (काळी बुरशी) डोळ्यांवर बेतणारा आजार झाला.

(दृश्य : रुग्णालयाचे बिल. बोट एकेका ओळीवर थांबते.)

खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी राज्य सरकारने मे २०२० मध्ये दर ठरवून दिले. सर्वसाधारण विलगीकरण कक्षाला दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटर नसलेल्या अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये, असे ते होते. जून २०२१ मध्ये लहान शहरांसाठी आणि ग्रामीण भागासाठी ते आणखी कमी करण्यात आले. या दरात खाट, जेवण, परिचर्या आणि डॉक्टरांच्या भेटी धरलेल्या होत्या. पीपीई किट, महागडी औषधे आणि काही तपासण्या वेगळ्या. म्हणून बिल हाती आल्यावर एकूण रकमेकडे पाहण्याआधी तीन गोष्टी ताडून पाहायच्या : दाखल झाल्याचा आणि सुटीचा दिवस धरून मोजलेले दिवस, परिचर्या किंवा डॉक्टर भेटीची रक्कम पुन्हा वेगळी लावली आहे का, आणि एका दिवसात एका रुग्णाच्या नावावर किती पीपीई किट चढवली आहेत. शंका असेल तर पैसे भरण्यापूर्वी महापालिकेने किंवा जिल्हा प्रशासनाने नेमलेल्या लेखापरीक्षकाकडे बिल दाखवता येत होते.

मोफत उपचारांची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये राज्यातील सर्व रहिवाशांना खुली झाली, पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही. ती योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातच लागू होते आणि शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) दाखल होतानाच भेटावे लागते. आपल्या तालुक्यातील अशा रुग्णालयांची नावे सगळे धडधाकट असतानाच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावीत, कारण खाट शोधण्याच्या रात्री ते कुणालाही सुचत नाही.

(दृश्य : बँकेची खिडकी, रांगेत अंतर राखून उभी माणसे.)

हप्त्यांचा प्रश्न त्याच महिन्यांत उभा राहिला. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती देण्यास बँकांना परवानगी दिली आणि नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. अनेकांनी ती माफी समजली. स्टेट बँकेने तेव्हा ग्राहकांना दिलेल्या उदाहरणानुसार ३० लाखांच्या आणि १५ वर्षे शिल्लक असलेल्या गृहकर्जावर तीन महिने हप्ता न भरल्यास सुमारे २ लाख ३४ हजार रुपये जादा व्याज पडणार होते, म्हणजे जवळपास आठ हप्ते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये व्याजावरचे व्याज रद्द केले, तरी मूळ व्याज द्यावेच लागले. ज्याचा पगार चालू आहे त्याने हप्ता थांबवू नये. ज्याचा थांबला आहे त्याने अन्न, औषध, भाडे आणि विम्याचा हप्ता आधी भरावा आणि कर्जाबाबत बँकेला हप्ता चुकण्याच्या आधी लेखी कळवावे. क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र लांबवू नये, कारण तिचे व्याज वर्षाला ३६ टक्के किंवा त्याहूनही वर जाते.

घरातले सोने हा मराठी कुटुंबाचा जुना आधार आहे. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना दागिन्यांच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा दिली, तेव्हा दहा ग्रॅमचा भाव ५६ हजारांच्या आसपास होता. मार्च २०२१ पर्यंत तो ४५ हजारांच्या जवळ उतरला. भाव चढा असताना सगळी मर्यादा वापरून उचल घेणाऱ्यांकडे बँका अधिक रक्कम किंवा अधिक सोने मागू लागल्या. जितकी गरज तितकीच उचल घ्यावी, परतफेडीची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवावी आणि विनापरवाना सावकाराकडे जाण्यापूर्वी बचत गट, पतसंस्था आणि भविष्यनिर्वाह निधी हे तिन्ही मार्ग पाहून घ्यावेत. आजारपणासाठी पीएफमधून रक्कम काढता येते. त्यासाठी आधार, बँक खाते आणि यूएएन (पीएफ सदस्याचा क्रमांक) यांची जोडणी आधीच झालेली असावी लागते.

(दृश्य : कापडी पिशवीतून बाहेर काढलेली कागदपत्रे.)

घरातला कर्ता माणूस गेला, तेव्हा मागे राहिलेल्या बाईला अनेक ठिकाणी कोणते खाते कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी आणि दाखल्याच्या अनेक प्रती घ्याव्यात. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यावा. कोविड मृत्यूसाठी ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर मिळू लागले आणि त्यासाठी चाचणीचा अहवाल किंवा रुग्णालयाचे कागद जपून ठेवलेले असणे उपयोगी पडले.

याखेरीज पासबुकातली एक छोटी नोंद शोधायला हवी. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वार्षिक हप्ता तेव्हा ३३० रुपये होता, आज तो ४३६ आहे, आणि मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्ये तो खात्यातून आपोआप वजा होतो. ज्यांनी कधीतरी बँकेत एका अर्जावर सही केली आणि विसरून गेले, त्यांच्या वारसांना, त्या वर्षीचा हप्ता वजा झालेला असेल तर, दोन लाखांचा हक्क असतो, मृत्यू कोविडने झालेला असला तरीही. तेव्हा पासबुक छापून आणावे, मृत्यूपूर्वीच्या दोन वर्षांच्या मे-जूनच्या नोंदी बोट ठेवून वाचाव्यात आणि ती रक्कम सापडली तर त्याच शाखेत दाव्याचा अर्ज मागावा.