हात वर जातो कुणाच्या जोरावर?

श्रोतेहो, नमस्कार. फळीवरचा डबा काढायला हात वर नेलात, तर खांद्याबरोबर पाठीवरचं पातं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, तेही फिरतं. हात पूर्ण वर जाताना ढोबळमानानं 120 अंश खांद्याच्या सांध्यातून मिळतात, उरलेले 60 पातं फिरल्यामुळे. ते फिरवणाऱ्या स्नायूंतला एक मोठा कामकरी म्हणजे सेरेटस अँटेरिअर. वरच्या आठ-नऊ बरगड्यांपासून तो करवतीच्या दात्यांसारखा निघतो आणि पात्याखालून मागे जाऊन त्याच्या कण्याकडच्या कडेला चिकटतो. पातं पुढे ओढायचं, बरगड्यांवर दाबून ठेवायचं, ही कामंही त्याचीच. ठोसा मारताना लागतो तोच.

त्याला चालवणारी नस (मज्जातंतू), लाँग थोरॅसिक, स्नायूच्या बाहेरच्या अंगावरून उतरते. त्यामुळे छातीला बाजूनं मार बसला, जड सॅक खांद्यावर राहिली किंवा काखेत शस्त्रक्रिया झाली, तर ती दुखावू शकते. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढताना सर्जन तिला मुद्दाम जपतात.

तपासणी सोपी आहे. कोपरं सरळ ठेवून दोन्ही तळव्यांनी भिंत ढकला आणि मागून कुणाला तरी उघडी पाठ पाहायला सांगा. पात्याची आतली कड बरगड्यांपासून सुटून मागे उचलली गेली तर डॉक्टरांना दाखवा. मान-पाठीवरचा ट्रॅपेझिअस स्नायू दुबळा असला तरी पातं उचलतं, पण ते खाली-बाहेर झुकतं; सेरेटस दुबळा असेल तर ते कण्याकडे सरकतं.

नस शाबूत असून नुसता अशक्तपणा असेल, तर व्यायाम असा. भिंतीपासून हातभर लांब उभे राहा, तळवे खांद्याच्या उंचीवर टेकवा. कोपरं न वाकवता छाती भिंतीकडे सैल सोडा, मग भिंत ढकलून पाठ मागे न्या. तीन सेकंद थांबा. दहा वेळा, दोन फेऱ्या. हालचाल जेमतेम चार बोटांची. इथेच बहुतेकांचं फसतं. काही होत नाही असं वाटून कोपरं वाकवली, की काम छातीच्या मोठ्या स्नायूकडे जातं. खांदे कानांकडे चढवले, की मानेकडे. मग व्यायामानं मान धरली अशी तक्रार येते. भिंतीवर जमलं की गुडघे टेकून जमिनीवर.

नसच दुखावली असेल तर मात्र जोर लावून स्नायू जागा होत नाही. डोक्यावर वजन उचलणं थांबवा, फिजिओथेरपिस्टकडून सांधा मोकळा ठेवून घ्या. नसेची ईएमजी तपासणी (स्नायूतले विद्युत संकेत मोजणारी) साधारण तीन आठवड्यांनंतरच नीट बोलते. नस तुटलेली नसेल तर बरेच जण सुधारतात, पण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो.