मत विचारणाऱ्यांची जबाबदारी

नमस्कार, श्रोतेहो.

या व्यवसायातली माझी पहिली काही वर्षं लोकांच्या दारात गेली. हातात प्रश्नावली, खांद्याला पिशवी. त्या काळात एक नियम मला फार जाचायचा. जो दार उघडेल त्यालाच प्रश्न विचारून मोकळं व्हायची मुभा नसायची. आधी चौकशी करायची, की घरात सज्ञान माणसं किती आणि त्यांतल्या कोणाचा वाढदिवस सगळ्यांत आधी येतोय. ज्याचा येतोय, मुलाखत त्याचीच. एका घरी वाढदिवस निघाला आजींचा. त्यांचा मुलगा म्हणाला, "तिला काय कळतंय त्यातलं? मी सांगतो ना, लिहा." मी अडून बसलो. शेवटी आजी बाहेर आल्या, चष्मा पुसून समोर बसल्या आणि एकेका प्रश्नाला तोलूनमापून उत्तर देत गेल्या. एका प्रश्नावर मात्र बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "ह्याचा मी कधी विचारच केलेला नाही. तसंच लिहा." मी 'सांगता येत नाही' या चौकोनात खूण केली.

मत विचारायला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर दर वेळी कोणी साहेब उभा नसतो. मग तो नियम पाळतो कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालं, की आपण लोकमताच्या संशोधकांच्या जागतिक संघटनेपाशी येऊन पोहोचतो. वर्ल्ड असोसिएशन फॉर पब्लिक ओपिनियन रिसर्च हे तिचं नाव. आद्याक्षरं जोडून तिला 'वॅपोर' म्हणतात.

तिची सुरुवात झाली 1946 च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या सेंट्रल सिटी या खाणकामगारांच्या जुन्या गावात. हॅरी फील्ड नावाच्या संशोधकाने मतचाचण्या घेणाऱ्या मंडळींना तिथे बोलावलं होतं. महायुद्ध नुकतंच संपलेलं. 'सगळी जनता माझ्या पाठीशी आहे' असं छातीठोक सांगणाऱ्या हुकूमशहांनी काय करून ठेवलं, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. जनता खरोखर काय म्हणते हे तिलाच विचारलं पाहिजे, ही त्या माणसांची तळमळ होती. पुढचं काही बघणं फील्ड यांच्या नशिबी नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युरोपात विमान अपघातात ते गेले. पण धागा तुटला नाही. 1947 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनला पुन्हा सगळे जमले, अमेरिकन संघटना आणि जागतिक संघटना अशा दोन्ही उभ्या राहिल्या आणि पुढच्या वर्षी जागतिक संघटनेला तिचं आजचं नाव मिळालं.

ते पुढचं वर्ष म्हणजे 1948. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूई जिंकणार, असं सगळ्या नामांकित मतचाचण्या सांगत होत्या. जिंकले ट्रुमन. हा धंदाच बंद करा, असं लोक म्हणू लागले. त्या वेळी जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. मतचाचणीवाल्यांनी आपली कागदपत्रं बाहेरच्या समाजशास्त्रज्ञांपुढे ठेवली. त्या तपासणीत दिसलं, की काहींनी मतदानाच्या कित्येक आठवडे आधीच विचारणं थांबवलं होतं. शिवाय इतके पुरुष, इतक्या बायका, इतके तरुण असा वाटा ठरवून दिलेला, आणि त्या वाट्यात कोणाला पकडायचं ते मात्र मुलाखत घेणाऱ्याच्या मर्जीवर. माणूस स्वाभाविकपणेच सोप्या दाराकडे वळतो. माझ्या वाढदिवसाच्या नियमाचं मूळ तुमच्या लक्षात आलं असेल. आज कोणाशी बोलायचं, हे ठरवायचा अधिकारच त्याने माझ्या हातून काढून घेतला होता.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. ती साधते, कारण भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसांचं तसं नाही. 1936 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या तिथल्या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, 20 लाखांहून अधिक परत आल्या, आणि तरीही भाकीत सपशेल आपटलं. टेलिफोन आणि मोटारी ज्यांच्याकडे होत्या त्यांच्या याद्यांवर त्यांची भिस्त होती, आणि मंदीच्या त्या काळात अशी माणसं म्हणजे सगळा देश नव्हे. शिवाय ज्यांनी पत्रिका परत पाठवायची तसदी घेतली, तीही सगळ्यांसारखी नव्हती. नीट चिठ्ठ्या टाकून निवडलेली 1,000 माणसं त्या 20 लाखांपेक्षा खरं बोलतात. चुकीला वाव उरतो तो सुमारे 3 टक्के इकडे किंवा तिकडे.

पण हे 3 टक्के फक्त निवडीतल्या नशिबाचे, हे सहसा कोणी सांगत नाही. प्रश्नच वाकडा असेल तर त्याचा हिशेब त्यात धरलेला नसतो. 1941 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत काही लोकांना विचारलं, की लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का? 62 टक्के म्हणाले, देऊ नये. तशाच दुसऱ्या गटाला विचारलं, अशा भाषणांवर बंदी घालावी का? घालावी म्हणणारे 46 टक्केच. परवानगी नाकारणं आणि बंदी घालणं, व्यवहारात गोष्ट एकच. पण 'बंदी' हा शब्द जिभेला जड जातो. एका शब्दाने 16 टक्के माणसं इकडची तिकडे झाली.

म्हणूनच संघटनेची आचारसंहिता सदस्याला बजावते, की निकाल जाहीर करताना प्रश्न शब्दशः द्या. पैसे कोणी दिले, कधी विचारलं, किती जणांना आणि कोणत्या रीतीने, हेही उघड करा. आकड्याबरोबर त्याची जन्मपत्रिका हवीच. माझा या बाबतीत आग्रहच आहे. ज्या बातमीत हे नसेल, तिच्यातल्या टक्केवारीवर मी वेळ घालवत नाही.

दुसरा नियम उत्तर देणाऱ्याच्या बाजूचा. त्याचं नाव बाहेर जाता कामा नये, आणि सर्वेक्षणाचं नाव सांगून त्याला काही विकायचं नाही किंवा त्याच्या गळी काही उतरवायचं नाही. 1978 ते 1980 या काळात संघटनेच्या अध्यक्ष असलेल्या जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी मांडलं होतं, की आपण अल्पमतात आहोत असं वाटलं की माणूस गप्प होत जातो, आणि तो गप्प झाल्यामुळे समोरची बाजू आहे त्याहून मोठी भासते. अशा माणसाला एकांतात, नाव गुप्त ठेवण्याच्या हमीवर विचारलं तरच तो तोंड उघडेल. ती हमी एका माणसाने मोडली, तर पुढच्या सगळ्यांना दारं बंद होतात.

संघटनेच्या हाती पोलीस नाहीत. बोगस आकडे छापणाऱ्याला ती तुरुंगात धाडू शकत नाही, आणि जो सदस्यच नाही त्याच्यापुढे तर तिचे हात बांधलेलेच. ही उणीव खरी आहे. तरीही कोणकोणत्या देशांत मतचाचण्या छापायला मनाई आहे, निवडणुकीच्या किती दिवस आधीपासून आहे, याची पाहणी ती 1984 पासून वेळोवेळी करत आली आहे.

आजींच्या घरून निघालो तेव्हा मुलाने पुन्हा गाठलं. "तो एक प्रश्न रिकामा राहिलाय ना, तिथे 'हो' टाका," म्हणाला. तो प्रश्न रिकामा नव्हता. आजींनी उत्तर दिलं होतं, आणि मी ते होतं तसंच जमा केलं.