मास्टर कोणाकडे? अक्राहून न्यूयॉर्कला गेलेल्या रॅपरचा हिशेब

मित्रहो, सॅम्युएल बाझावुले हे नाव आज अनेकांना ‘द कलर पर्पल’ या २०२३ च्या चित्रपटाचा दिग्दर्शक म्हणून माहीत आहे. त्याआधी कितीतरी वर्षं हा माणूस ब्लिट्झ द अ‍ॅम्बॅसेडर या नावाने रॅप करत होता. जन्म १९८२ चा, घानाची राजधानी अक्रा इथला. शिक्षण ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात, पुढे मुक्काम न्यूयॉर्कला. इंग्रजी, घानातली ट्वी भाषा आणि पिजिन, म्हणजे तिथली मोडकी-मिश्र इंग्रजी, या तिन्हींत तो शब्द जुळवतो. बड्या कंपनीच्या दारात ताटकळत न बसता त्याने एम्बसी एमव्हीएमटी हे स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं. २००९ मध्ये ‘स्टीरिओटाइप’, २०११ ला ‘नेटिव्ह सन’, २०१४ ला ‘अफ्रोपॉलिटन ड्रीम्स’ आणि २०१६ ला ‘डायस्पोरॅडिकल’ असे अल्बम आले. अशी वाटचाल चालते कशावर, हे आज पाहू. माझं मत आधीच सांगून टाकतो. आवाज आणि शब्द तर हवेतच, पण परक्या देशात स्वतंत्र कलाकार टिकतो की नाही, ते रेकॉर्डिंगच्या दिवशी कागदावर काय लिहिलं गेलं यावर ठरतं.

पहिला कागद व्हिसाचा. अमेरिकेत विद्यार्थी म्हणून आलेल्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच काम करता येतं. शनिवारी रात्री क्लबात मानधन घेऊन गायलं तर ते बेकायदा काम ठरतं, आणि पुढच्या अर्जाच्या वेळी तेच अंगाशी येतं. पदवीनंतर अभ्यासाशी संबंधित कामाची साधारण वर्षभराची मुभा मिळते. त्यानंतर कलाकारांचा मुख्य रस्ता म्हणजे ओ-१ हा असामान्य गुणवत्तेच्या लोकांसाठीचा व्हिसा. हा स्वतःच्या नावाने स्वतःला मागता येत नाही. अमेरिकेतला एजंट किंवा काम देणारा अर्जदार लागतो, ठरलेल्या कार्यक्रमांचं वेळापत्रक लागतं आणि सहसा संगीतकारांच्या संघटनेचं लेखी अभिप्रायपत्रही. मंजुरी एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची. इथे आफ्रिकेतून आलेल्यांची खास अडचण होते. मायदेशी कलाकाराचं गाणं रेडिओवर रोज वाजलेलं असतं, पण त्याचा लेखी पुरावा कुणी ठेवलेला नसतो. म्हणून वर्तमानपत्रातली कात्रणं, महोत्सवांचे करार, मानधनाच्या पावत्या हे सगळं तारखेसह पहिल्या दिवसापासून जमवावं. आयत्या वेळी ते मिळत नाही.

आता हक्क. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. दुसरी रचना, म्हणजे शब्द आणि संगीत. रॅपर शब्द लिहितो, बीट, म्हणजे मागचं तालसंगीत, दुसऱ्याने बनवलेली असते, म्हणजे रचनेत दोघांचा वाटा. हे वाटे स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी एका पानावर लिहून सगळ्यांनी सही करायची: कायदेशीर नाव, टक्केवारी, हक्कांचे पैसे वसूल करणाऱ्या कोणत्या संस्थेचा कोण सभासद. बेरीज बरोबर शंभर. नंतर दोघांनी आपापल्या संस्थेत साठ-साठ टक्के नोंदवले की बेरीज एकशेवीस होते आणि वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात. इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या बीटचा परवाना नीट वाचा. बहुतेक परवान्यांत स्ट्रीमची मर्यादा असते, आणि तीच बीट आणखी दहा जणांना विकलेली असू शकते.

मास्टरला आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक मुद्रणाची ओळख सांगणारा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो. रीमिक्स झाला की नवा क्रमांक. पण तेच मुद्रण स्ट्रीमिंग सेवांवर गाणी पोहोचवणाऱ्या दुसऱ्या वितरकाकडे नेलं तर जुनाच ठेवायचा, नाहीतर स्ट्रीमचा आकडा दोन ठिकाणी विभागला जाऊ शकतो. हे मोजमाप आता महत्त्वाचं झालंय. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला मास्टरपोटी काहीच मिळत नाही.

वसुलीची दारंही वेगवेगळी आहेत. रचना जाहीरपणे वाजली की अमेरिकेत अ‍ॅस्कॅप किंवा बीएमआय, घानात घॅमरो या संस्था पैसे गोळा करतात. आपल्याकडे मुंबईची आयपीआरएस हेच काम करते. अमेरिकेतल्या स्ट्रीमिंगमधले रचनेच्या यांत्रिक हक्कांचे, म्हणजे तिची प्रत काढण्याच्या हक्काचे, पैसे २०२१ पासून एमएलसी ही संस्था गोळा करते. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओवर वाजलेल्या मास्टरचे पैसे साउंडएक्स्चेंज या संस्थेकडे येतात. त्यातले ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीदार कलाकारांसाठी. लेबल स्वतःचं असेल तर पहिले दोन्ही वाटे एकाच घरात येतात, मात्र मालक म्हणून आणि कलाकार म्हणून दोन्ही नोंदण्या करायला हव्यात. अनेक जण फक्त एकच करतात आणि निम्मे पैसे तिथेच पडून राहतात. अमेरिकेतल्या साध्या एफएम रेडिओवर वाजलं तर मास्टरला छदामही मिळत नाही. अन्यायच आहे तो, पण तिथला कायदाच तसा आहे.

ब्लिट्झच्या संगीतात पश्चिम आफ्रिकेतल्या हायलाइफ आणि अ‍ॅफ्रोबीट या शैलींची पितळी वाद्यं ठळक असतात. तो एम्बसी एन्सेम्बल हा जिवंत वाद्यवृंद घेऊन मंचावर यायचा. याला कलेइतकंच व्यवहाराचंही कारण देता येतं. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलला तर दोन परवानग्या लागतात, मास्टरची आणि रचनेची. सत्तरच्या दशकातल्या पश्चिम आफ्रिकी रेकॉर्डचा मालक शोधता शोधता नाकी नऊ येतात. तोच तुकडा आपल्या ट्रम्पेटवाल्याकडून नव्याने वाजवून घेतला तर मास्टरचा प्रश्न मिटतो. रचनेची परवानगी मात्र तरीही लागते. ती चुकवता येत नाही.

वाद्यवृंदाचा खर्च दौऱ्यात कळतो. आठ माणसं म्हणजे आठ तिकिटं, आठ व्हिसे. घानाच्या पासपोर्टवर युरोपात जायचं तर शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा, आणि काम करण्याचे नियम प्रत्येक देशाचे निराळे. शिवाय मंचावर दोन चुका हमखास होतात. पहिली, रॅपर माइकची जाळी मुठीत धरतो. जाळीच्या मागच्या बाजूने येणारा आवाज दाबण्यासाठी माइकमध्ये जी छिद्रं असतात ती त्याने बंद होतात, माइक चहूकडचं ऐकू लागतो आणि मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, शिट्टी मारतो. हात दांड्यावर ठेवा, शब्दही स्वच्छ येतील. दुसरी, पूरक ट्रॅक, म्हणजे वादकांसोबत वाजवायचं आधीच मुद्रित संगीत, ४४.१ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) बनवलेला आणि वाजवणारं यंत्र ४८ वर लावलेलं. यंत्राने रूपांतर केलं नाही तर मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीचं गाणं ९८ च्या लयीत धावतं आणि सूर जवळजवळ दीड सेमिटोन (सेमिटोन म्हणजे हार्मोनियमवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर) चढतो. ट्रम्पेटवाला कितीही ताणला तरी जुळत नाही, आणि दोष बिचाऱ्याच्या कानाला दिला जातो. साउंडचेकला पहिल्या मिनिटात हे तपासावं.

आता सिनेमाकडे. ‘डायस्पोरॅडिकल’सोबत ब्लिट्झने अक्रा, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन आणि ब्राझीलमधलं बाहिया यांना जोडणाऱ्या लघुपटांची मालिका केली. मग लोकवर्गणीची मदत घेऊन ‘द बेरियल ऑफ कोजो’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट घानात केला. संगीतही त्याचंच. अमेरिकी दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्नेच्या ‘अ‍ॅरे’ या वितरण संस्थेने तो घेतला आणि २०१९ च्या मार्चअखेर तो नेटफ्लिक्सवर आला. २०२० च्या ‘ब्लॅक इज किंग’ या चित्रपटात गायिका बियॉन्सेसोबतच्या दिग्दर्शकांतही तो होता.

चित्रपटात गाणं घ्यायचं तर निर्मात्याला मास्टर आणि रचना या दोन्हींच्या मालकांच्या सह्या लागतात. संगीत निवडणारी माणसं घाईत असतात. दोन्ही सह्या एकाच माणसाकडे मिळाल्या तर गाणं लगेच विचारात घेतलं जातं. चार ठिकाणी फिरावं लागलं तर ते दुसरं गाणं शोधतात. म्हणून युरोपातल्या किंवा कुठल्याही लेबलशी बोलताना मास्टर विकू नका, परवान्यावर द्या. प्रदेश कोणता, मुदत किती वर्षं, मुदत संपल्यावर फायली परत कधी, हे तीन रकाने भरल्याशिवाय सही करू नका. आणि प्रत्येक गाण्याच्या चार गोष्टी स्वतःजवळ ठेवा: पूर्ण मिक्स, शब्दांविना मिक्स, शिव्या काढलेली आवृत्ती आणि वेगवेगळ्या वाद्यांचे सुटे ट्रॅक, सगळे एकाच बिंदूपासून सुरू होणारे, २४ बिटचे. सिनेमावाले ४८ किलोहर्ट्झ मागतात, तेव्हा त्यासाठीची प्रत वेगळी रूपांतर करून, फाइलच्या नावातच आकडा लिहून ठेवा.