किल्ल्यांना कुलूप, वही उघडीच

(जुना लॅपटॉप. वाय-फाय बंद. पेन ड्राइव्ह आत जातो.)

या फाइलचं नाव वॉलेट डॉट डॅट. बिटकॉइन कोअर या प्रोग्रामचं पाकीट. म्हणायला पाकीट, पण आत पैसा नाही. कुठलं नाणं कुठल्या पत्त्यावर, म्हणजे खाते क्रमांकासारख्या अक्षरमालेवर, आहे, ते जगभरच्या संगणकांवर ठेवलेल्या जाहीर खातेवहीत लिहिलेलं असतं. पाकिटात असतात ती नाणी खर्च करायच्या खासगी किल्ल्या, आणि मालकाची स्वतःची टिपणवही.

ही फाइल आम्ही चित्रीकरणासाठीच बनवली, सरावाच्या बंद जाळ्यावर, प्रोग्रामची जुनी आवृत्ती मुद्दाम बसवून. यातली 50 नाणी खेळातली आहेत. पासवर्ड मात्र खराखुरा, वीस अक्षरी. तो आम्ही आता विसरलोय असं समजा.

(पडद्यावर आकड्यांच्या रांगा. कॅमेरा हळूहळू जवळ.)

सुरुवातीचे बारा बाइट सोडले की दिसतात 62 31 05 00. ही बर्कली डीबीची खूण. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जन्मलेला हा डेटाबेस बिटकॉइनच्या पाकिटांनी वर्षानुवर्षं वापरला. 2022 च्या 23 व्या आवृत्तीपासून नवी पाकिटं एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमध्ये बनू लागली. डबा बदलला, आतल्या नोंदींची रीत बरीचशी तीच.

आता डीबी-डंप हे फुकटातलं साधन चालवू. ते प्रत्येक नोंदीच्या दोन ओळी काढून देतं: वर नोंदीचं नाव, खाली मजकूर.

(बोट पडद्यावरून सरकतं, एका ओळीवर थांबतं.)

02 74 78. पहिला आकडा सांगतो, पुढे दोन अक्षरं आहेत. 74 म्हणजे टी, 78 म्हणजे एक्स. टीएक्स, व्यवहार. त्यापुढचे 32 बाइट म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, तोही उलटा लिहिलेला. खातेवहीत शोधायचा तर शेवटच्या बाइटपासून सुरुवात करायची. इथे नवखा माणूस हमखास अडतो. आमचाही अर्धा तास गेला, तो कापलाय.

खालची ओळ लांबलचक. तिच्यातून रक्कम शोधू.

(आठ बाइट पिवळ्या रंगात उजळतात: 00 एफ2 05 2ए 01 00 00 00)

हेही उलटं वाचायचं. 01 2ए 05 एफ2 00. हे आकडे सोळा अंकी मोजणीतले, 0 ते 9 आणि मग ए ते एफ; नेहमीच्या दहा अंकी मोजणीत आणले की होतात 500 कोटी सातोशी. एका बिटकॉइनचे 10 कोटी सातोशी, म्हणजे बरोबर 50 बिटकॉइन, ब्लॉक (खातेवहीचं नवं पान) शोधल्याचं सुरुवातीच्या काळातलं बक्षीस. अगदी हेच आठ बाइट 3 जानेवारी 2009 च्या पहिल्यावहिल्या ब्लॉकमध्येही आहेत. आमचं पाकीट खेळातलं, पण लिपी तीच.

(दुसरी नोंद. दोन रकमा उजळतात.)

हा दुसरा व्यवहार. 10 नाणी पाठवली, तर रकमा दोन कशा? पाचशेची नोट देऊन शंभराचा माल घेतला की वाणी सुट्टे परत देतो. इथे वाणी देत नाही, पाकीटच 50 चं नाणं मोडतं आणि उरलेले सुट्टे स्वतःच्याच नव्या पत्त्यावर घेतं. त्या पत्त्याची किल्लीही याच फाइलमध्ये. 2016 पूर्वीच्या पाकिटांत 100 किल्ल्यांचा साठा आधीच करून ठेवलेला असे. तो संपून नव्या किल्ल्या बनल्या आणि हाताशी जुनीच प्रत असली, तर सुट्टे गेले. लोकांचे गेलेही.

व्यवहाराच्या शेपटीला आणखी काही चिकटलेलं आहे. हा व्यवहार या संगणकाला कधी दिसला ती वेळ. पाठवताना मालकानं लिहिलेला शेरा. यातलं काहीही जाहीर खातेवहीत जात नाही. ते फक्त इथे असतं.

(सी-की नावाच्या ओळी भराभर सरकतात.)

या ओळी किल्ल्यांच्या. यांतलं आम्हाला काही वाचता येत नाही, आणि येऊही नये. सप्टेंबर 2011 मध्ये 0.4.0 आवृत्तीनं पासवर्डची सोय आणली, ती एईएस-256 या पद्धतीनं किल्ल्या कुलूपबंद करते. त्या आवृत्तीत एक ढिसाळपणा राहिला होता: किल्ल्यांच्या जुन्या, उघड्या प्रती फाइलच्या रिकाम्या जागेत तशाच पडून राहू शकत. पुढच्या आवृत्तीत कुलूप लावतानाच फाइल नव्यानं लिहायला सुरुवात झाली.

पण कुलूप किल्ल्यांपुरतंच. आतापर्यंत वाचलेल्या रकमा, वेळा, शेरे, सगळं पासवर्डशिवाय वाचलंय. दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप, हरवलेला पेन ड्राइव्ह, जप्त झालेली हार्ड डिस्क; फाइल ज्याच्या हाती, वही त्याच्या हाती.

(शेवटची नोंद. शांतता. फक्त पंख्याचा आवाज.)

04 6ई 61 6डी 65. चार अक्षरं, नेम. पुढे पत्ता, जसाच्या तसा. खालच्या ओळीत मालकानं त्या पत्त्याला दिलेलं नाव: ई0 ए4 ए6, ई0 ए5 82, ई0 ए4 ए7... इंग्रजी नाव असतं तर शेजारच्या अक्षरांच्या खिडकीत सरळ वाचता आलं असतं; इथे नुसते ठिपके दिसतात. पण ई0 ए4 किंवा ई0 ए5 अशा जोड्या वारंवार आल्या की समजायचं, देवनागरी आहे.

द. दीर्घ ऊकार. ध.

(कागदावर पेन्सिलीनं अक्षरं उमटतात: दूधवाला)