स्वप्नातलं फुलपाखरू कुणाचं?

(नाशिकमधल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, स्वप्नात फुलपाखरू आलं की हल्ली लोक आधी मोबाईल उघडतात. पांढरं दिसलं तर पाहुणा, काळं दिसलं तर वाईट बातमी, पिवळं म्हणजे पैसा! ही कोष्टकं मला अजिबात मान्य नाहीत.

पंचवटीच्या लोकांना त्रिजटेचं, म्हणजे अशोकवनात सीतेवर पहारा ठेवणाऱ्या राक्षसिणीचं, स्वप्न मी काय सांगायचं? तरी सुंदरकांडातला तो प्रसंग सावकाश बघू. रावण मुंडण केलेला, अंगाला तेल, तांबडी वस्त्रं, गाढवांच्या रथातून दक्षिणेला निघालेला. राम शुभ्र वस्त्रांत, हस्तिदंती पालखीत. यातलं नुसतं तेल उचलून ‘तेल अशुभ’ म्हणालात, तर दिवाळीच्या अभ्यंगाचं काय करणार? त्रिजटा सुट्या वस्तूचा अर्थ लावत नाही. कोण, कशात बसून, कुठल्या दिशेला, हे सगळं एकत्र धरून ती राक्षसिणींना लंकेचं पुढचं सांगते.

आयुर्वेदाचा जुना ग्रंथ, चरकसंहिता, आणखी काटेकोर आहे. इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वप्नाचे सात प्रकार दिलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक (पुढे घडणारं सुचवणारं) आणि दोषज (वात-पित्त-कफ बिघडल्याने पडणारं). यातले पहिले पाच वैद्याने निष्फळ समजावेत, असं स्पष्ट म्हटलंय. दुपारी कुंडीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखरू अंडी घालताना पाहिलं आणि रात्री तेच दिसलं, तर ते दृष्ट. त्यात भविष्य शोधायचं नाही. (कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर कृपा करून चिरडू नका. ती बहुधा कॉमन मॉर्मन फुलपाखराची असते, थोडी पानं खाईल, झाड मरत नाही.)

फुलपाखरू म्हणजे परिवर्तन, असं सगळे सांगतात. पण कोशातून बाहेर आल्यावर पंख ओले, चुरगळलेले असतात. ते खाली लोंबकळत ठेवून शरीरातला द्रव त्यांत ढकलावा लागतो. लटकायला जागा मिळाली नाही तर पंख तसेच वाळतात आणि ते कधीच उडत नाही. म्हणून स्वप्नातलं फुलपाखरू उडत होतं, लटकत होतं की हातात धरलेलं होतं, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ग्रीक-रोमन शिल्पांत सायकी या पुराणकथेतल्या नायिकेला फुलपाखराचे पंख आहेत, तिथे ते आत्म्याचं रूप. चीनच्या च्वांगत्सू या प्राचीन तत्त्वज्ञाला प्रश्न पडला की फुलपाखरू झाल्याचं स्वप्न मी पाहिलं, की आता तेच माझं स्वप्न पाहतंय? मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणारी मोनार्क फुलपाखरं म्हणजे घरी आलेले पितर. कीटक एकच, अर्थ तीन.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, म्हणून स्वप्न टिपून ठेवायची पद्धत भराभर सांगतो. उशाशी वही-पेन्सिल ठेवा. जाग आल्यावर कूस बदलू नका, डोळे मिटूनच स्वप्न शेवटाकडून मागे आठवा. मग लिहा: आधी मनात काय वाटत होतं, नंतर जागा, माणसं, हालचाल, आणि रंग सगळ्यात शेवटी. मोबाईलला आधी हात लावलात तर निम्मं स्वप्न गेलं. कुणाला आधी सांगितलंत तर सांगता सांगता त्याची गोष्ट होते, गाळलेल्या जागा आपणच भरतो. पहाटेची स्वप्नं जास्त आठवतात, कारण स्वप्नाच्या झोपेची आवर्तनं साधारण 90 मिनिटांनी येतात आणि पहाटेकडे लांबत जातात. खाली आदल्या दिवशी पाहिलेलं, ऐकलेलं, हवंसं वाटलेलं लिहा, आणि चरकांच्या पाच प्रकारांत बसतं तेवढं खोडा. उरेल त्याच्यापुढे प्रश्न लिहा: हे फुलपाखरू कुणाच्या अंगावर बसलं होतं, आणि ते माणूस सध्या माझ्या आयुष्यात कुठे आहे?